रायटर ऑक्टोबरात शोधायचा नसतो : दिव्यांग विद्यार्थ्याच्या कॉलेजवर्षाची तयारी, टप्प्याटप्प्याने

परीक्षेला आठ-दहा दिवस उरले की दरवर्षी आमच्या स्टाफरूमच्या दारात कुणाची तरी आई उभी असते. हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये युडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स. "मॅडम, रायटर मिळेल का?"

रायटर म्हणजे परीक्षेत विद्यार्थ्याने तोंडी सांगितलेलं उत्तर लिहून देणारा लेखनिक. कधी मिळतो, कधी नाही. मिळाला तरी आठ दिवसांत जमवलेला रायटर, घाईत आणलेला दाखला आणि परीक्षा विभागाची नाराजी हे सगळं त्या मुलाच्या डोक्यावर बसतं आणि तो पेपरला जातो. मी ठाण्यातल्या एका डिग्री कॉलेजात शिकवते आणि दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम बघते. सरळ नकारामुळे अडलेली प्रकरणं मी फार थोडी पाहिली. उशीर झाला, चुकीच्या टेबलावर अर्ज गेला, नाहीतर सगळं तोंडीच राहिलं, म्हणून अडलेली कितीतरी पाहिली. म्हणून काय करायचं यापेक्षा कधी आणि कशाच्या आधी करायचं, यावर इथे जास्त लिहिलंय.

ठाणे-नवी मुंबईतली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. पालक, मोठी भावंडं, माझ्यासारखे शिक्षक आणि अर्थातच खुद्द विद्यार्थी यांच्यासाठी.

## टप्पा १ : कागद (बारावीचा निकाल लागायच्या आधी)

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. अंधत्व, श्रवणदोष, हातापायाचं अपंगत्व सगळ्यांना माहीत असतं. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, ऑटिझम, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, लर्निंग डिसॅबिलिटी (एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण) हेही यादीत आहेत, आणि याच मुलांचे पालक बहुतेकदा "आमचं काही अपंगत्व नाही हो" म्हणून घरी बसतात. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला जाणारी मुलगी हजेरीत अडकते ती यामुळेच.

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतो. फॉर्म भरायचा, तपासणीला बोलावतील तेव्हा जायचं. दाखल्याला तीन महिने लागतील असं धरून चला. म्हणजे जूनला हातात हवा असेल तर मार्चपूर्वी अर्ज.

नवी मुंबईकरांनी इथे जपायचं. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण शेजारचं खारघर रायगडात. कामोठे, कळंबोली, पनवेल हेही रायगड. पत्ता खारघरचा आणि फॉर्ममध्ये जिल्हा ठाणे, असे अर्ज हमखास लटकतात. आधारवरचा पत्ता ज्या जिल्ह्याचा, तोच जिल्हा निवडा. मुलावर दुसरीकडे उपचार चालू असतील तर त्या हॉस्पिटलचे केसपेपर सोबत लागतीलच.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. युडीआयडी कार्ड म्हणजे रायटरची परवानगी नव्हे. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्के असतात. पांढरं कार्ड ४० टक्क्यांखाली, पिवळं ४० ते ८० पर्यंत, निळं ८० आणि त्यापुढे. विद्यार्थ्याला लिहायला जमतं की नाही, हे त्यावर कुठेही नसतं. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी मागितला की रायटर द्यायचा. बाकी सगळ्यांना 'या विद्यार्थ्याला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे' असा वेगळा दाखला लागतो, तोही ठरलेल्या नमुन्यात, सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या सहीचा. खाजगी डॉक्टरचं लेटरहेड कितीही गुळगुळीत असलं तरी उपयोगाचं नाही.

४० टक्क्यांखाली आहे म्हणून रायटर नाहीच, हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात ते स्पष्ट केलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. कॉलेजच्या ऑफिसात ही माहिती असेलच असं धरू नका. प्रिंट काढून न्या.

एलडीचा दाखला पाहा. दहावीला सवलत मिळाली होती, तोच कागद एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) पुढे केला जातो. २०१८ च्या निकषांत एलडीची तपासणी आठव्या वर्षी, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी अशी लावली होती. शाळेतल्या दाखल्यावर 'पर्यंत वैध' लिहिलेली तारीख बहुतेक वेळा उलटून गेलेली असते, आणि ती पहिल्यांदा दिसते परीक्षा विभागाच्या क्लार्कला. एलडी क्लिनिकची, उदाहरणार्थ सायन हॉस्पिटलची, तपासणी एका भेटीत आटोपत नाही. अठरा पूर्ण व्हायच्या सुमारासच नंबर लावा.

तपासणी : आधार, दहावीची मार्कशीट, युडीआयडी, बँक पासबुक. चारही समोर ठेवा आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. एका 'ए'पायी स्कॉलरशिप परत गेलेली आहे.

## टप्पा २ : गरज मुलाकडून समजून घ्या

'रायटर हवा' ही गरज नाही, तो एक उपाय आहे. वीस मिनिटं लिहिलं की हात आखडतो, ही गरज. त्यावर उपाय तीन-चार असू शकतात : फक्त वाढीव वेळ, मध्ये विश्रांती, कॉम्प्युटरवर टायपिंग, नाहीतर रायटर.

एका मुलीची आई सांगत होती, "हिला पहिला बाक द्या, कमी दिसतं." मुलगी शेजारी गप्प. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, पहिला बाक नकोच, तो खिडकीलगत आहे. अकरानंतर ऊन फळ्यावर येतं आणि फळा नुसता चकाकतो. तिला हवा होता तिसऱ्या रांगेतला, भिंतीकडचा बाक आणि खिडकीला पडदा. पडदा आला, एवढंच काम होतं. आम्ही मात्र मोठ्या अक्षरांतल्या प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात करणार होतो.

एक कागद घ्या आणि तीन ओळी विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्या : काय स्वतः जमतं, कुठे अडतं, तिथे काय मिळालं तर चालेल. वर्ग, प्रॅक्टिकल, लायब्ररी, परीक्षा आणि येणंजाणं या पाचही ठिकाणांसाठी.

एलडीच्या मुलांबाबत माझं ठाम मत आहे की रायटर हा शेवटचा पर्याय ठेवावा. बऱ्याच जणांना लिहिण्यापेक्षा वाचण्यात अडचण असते. त्यांना प्रश्न वाचून दाखवणारा वाचनिक आणि जादा वेळ पुरतो. उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याच्या हाताने उतरवणं हे वेगळंच कौशल्य आहे. ते न शिकता रायटर घेतला तर मार्क कमीही होतात.

विद्यार्थी अठराचा झाला असेल तर अर्जावर सही त्याची. मीटिंगमध्येही आधी त्याने बोलायचं.

## टप्पा ३ : प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेज चालून बघा

नॅक या कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही परिसराला मार्क असतात. त्यामुळे वेबसाइटवर रॅम्पचा फोटो सगळ्यांचाच असतो. फोटोवर जाऊ नका, मुलाला घेऊन जा.

रॅम्पचा उतार १:१२ हवा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जेमतेम पाच फुटांत दोन फूट चढणारा 'रॅम्प' व्हीलचेअरसाठी घसरगुंडी आहे. मोजपट्टी नको, पावलांनी अंदाज येतो. मग पाहा : दिव्यांगांचं टॉयलेट कुठल्या मजल्यावर, त्याची किल्ली कुणाकडे आणि आत झाडू-बादल्या भरून ठेवल्यात का. लिफ्ट विद्यार्थ्यांना खुली आहे की लिफ्टमनच्या मर्जीवर. ऑफिस आणि लायब्ररी कुठल्या मजल्यावर.

स्टेशनपासूनचा रस्ता भर गर्दीच्या वेळी करून बघा. ट्रान्स-हार्बरने येणारा मुलगा ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरतो. तिथून लिफ्ट कुठे, दिव्यांगांचा डबा फलाटावर नेमका कुठे लागतो, बाहेर पडून बस की रिक्षा, हे जूनच्या पावसात पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये.

प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना भराच. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयाच्या अटीतही पाच वर्षांची सवलत आहे. "मार्क चांगले आहेत, ओपनमधून मिळेल" म्हणून रकाना कोरा सोडणारे पालक पुढे पस्तावतात. कॉलेजच्या यादीत नाव दिव्यांग म्हणून चढत नाही, मग पुढचा प्रत्येक अर्ज शून्यापासून. अनुदानित कॉलेजातल्या सेल्फ-फायनान्स कोर्सला "इथे कोटा नसतो" असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

## टप्पा ४ : कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत एकच अर्ज

हा अर्ज म्हणजे वर्षाचा पाया. पाच सोयींसाठी पाच चिठ्ठ्या लिहू नका. नमुना असा :

*प्रति, मा. प्राचार्य. विषय : दिव्यांग विद्यार्थी म्हणून शैक्षणिक व परीक्षाविषयक सोयी मिळण्याबाबत. मी एफवायबीकॉम, तुकडी ब ची विद्यार्थिनी आहे. मला अल्पदृष्टी आहे. युडीआयडी व दाखल्याची प्रत जोडली आहे. सत्र १ व सत्र २ साठी मला पुढील सोयी हव्यात : (१) नोट्स युनिकोड टाइप केलेल्या फाईलमध्ये, (२) अंतर्गत चाचणीसह प्रत्येक परीक्षेत ताशी २० मिनिटे वाढीव वेळ, (३) १८ पॉइंट ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका, (४) परीक्षेची बैठक तळमजल्यावर. या सोयी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १७ नुसार अपेक्षित आहेत. निर्णय लेखी कळवावा.*

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, सरांना सांगते" असं म्हटलं तर हसून तिथेच उभं राहा. आवक क्रमांक नसलेला अर्ज ऑफिसच्या लेखी अस्तित्वात नसतो. ही ऑफिसची लबाडी नाही, त्यांची कामाची पद्धतच तशी आहे. ईमेलही टाका, पण शिक्क्याऐवजी नव्हे.

समान संधी केंद्र किंवा दिव्यांग कक्ष असेल तर एक प्रत तिथे. नसेल तर एक शिक्षक ठरवून घ्या, ज्याला वर्षभर फोन करता येईल.

इशारा : निदान सगळ्या वर्गाला कळायची गरज नाही. "याला मानसिक आजार आहे, सांभाळून घ्या" असं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे सहृदय लोक असतात. शिक्षकांना फक्त सोय कळवायची, आजार नाही.

## टप्पा ५ : वर्ग आणि नोट्स

स्क्रीनरीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मुलांचं मराठी नोट्सवर हमखास अडतं. आमचे निम्मे शिक्षक अजून श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. एनव्हीडीए (हा स्क्रीनरीडर फुकट आहे) ती इमानदारीत वाचून दाखवतो : "आर, स्लॅश, के, डॉलर..." मुलगा दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवतो, आणि आपण म्हणतो, त्याला आवड नाही.

तपासणी : फाईलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी राहिली तर युनिकोड. कचरा आला तर फॉन्ट बदलून घ्या. ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता फोटो आहे. गूगल डॉक्समधून उघडला तर बराचसा मजकूर बाहेर येतो, पण तक्ते आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात.

आख्खं पुस्तक हवं असेल तर सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधी शोधा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्रही या कामात जुनं आहे. पुस्तक स्कॅन करायला लायब्ररी 'कॉपीराइट' म्हणून बिचकते. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच दिव्यांग वाचकासाठी वाचता येईल अशी प्रत तयार करायला मुभा आहे, हे ग्रंथपालांना सांगा. सहसा तेवढं पुरतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांकडून एकच गोष्ट मागा : फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळून बोला. फोनवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीही उतरवतं, पण फोन शिक्षकाच्या टेबलावर हवा, तिसऱ्या बाकावर नव्हे. व्हायवा आणि प्रेझेंटेशन लेखी प्रश्नोत्तरांनी घ्यावं, ही मागणी टप्पा ४ च्या अर्जातच घाला. व्हायवाच्या सकाळी ती कुणी मानत नाही.

हजेरी : ७५ टक्क्यांची अट सत्राच्या शेवटी दांडक्यासारखी येते. रक्त चढवणं, फिजिओथेरपी, औषधबदलाचे दिवस यांचा कागद त्या त्या आठवड्यात जमा करा आणि पोच घ्या. नोव्हेंबरात एकदम चौदा सर्टिफिकिटं आणली की ती खरी असूनही खोटी वाटतात.

## टप्पा ६ : परीक्षेची तयारी

आधी परीक्षा कोणाची हे बघा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पहिली चार सत्रं साधारणपणे कॉलेजच घेतं, पाचवं-सहावं विद्यापीठ. स्वायत्त कॉलेजात सगळं कॉलेजच्याच हाती. दोन वर्षं सगळं सुरळीत झालेला मुलगा टीवायला (तिसऱ्या वर्षाला) ठेचकाळतो तो यामुळे. आता परवानगी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून हवी आणि केंद्र भलतंच कॉलेज असतं, जिथे त्याला कुणी ओळखत नाही. टीवायच्या मुलांनी परीक्षा फॉर्म भरतानाच दिव्यांगत्वाची नोंद करावी, अर्ज आपल्या कॉलेजमार्फत पाठवावा आणि हॉल तिकीट आल्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन यावं.

चालू वर्षाचं परिपत्रक मागा. रायटरच्या पात्रतेचे नियम बदलत राहतात. २०१८ च्या सूचनांत, स्वतःचा रायटर आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं असं होतं. शाखाही वेगळी हवी असं बऱ्याच ठिकाणी मागतात. मैत्रिणीच्या अनुभवावर रायटर ठरवू नका. परिपत्रक हातात घ्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचा.

वेळेचं गणित. किमान ताशी २० मिनिटं. दोन तासांच्या पेपरला ४०, अडीच तासांच्या पेपरला ५०, तीन तासांना ६०. रायटर घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. "रायटर किंवा वेळ, एकच काहीतरी" हे बरोबर नाही. आणि तो अंतर्गत चाचणीलाही मागायचा. अर्ध्या तासाच्या चाचणीला दहा मिनिटं येतात. गूगल फॉर्मवर टायमर लावून घेतलेल्या चाचणीत हे हटकून विसरलं जातं, कारण फॉर्म सगळ्यांसाठी एकाच वेळी बंद होतो.

रायटर शोधणं. सहा आठवडे आधी सुरुवात करा. त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजची अकरावीची मुलं सगळ्यात सोयीची : जवळ राहतात, पात्रतेत बसतात. बारावीच्या मुलांना मार्चच्या सत्रासाठी धरू नका, त्यांची स्वतःची बोर्डाची परीक्षा असते. एनएसएसच्या शिक्षकांना विचारा. भाषेच्या पेपरला वेगळा रायटर लागू शकतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठीचा पेपर देऊन बघा म्हणजे कळेल.

प्रत्येक रायटरमागे एक राखीव ठेवा, आणि त्याचेही कागद (आयडी, बोनाफाईड, फोटो, हमीपत्र) आधीच जमा करा. आमच्याकडे एकदा रायटर आदल्या रात्री तापाने पडला. दुसरा मुलगा तयार होता, घरही जवळ, पण त्याचा एकही कागद परीक्षा विभागात नव्हता. पेपर सुरू झाला तेव्हा तो ऑफिसबाहेर बोनाफाईडच्या सहीची वाट बघत उभा. चूक माझी होती. तेव्हापासून दोन्ही संच एकाच पाकिटात जातात.

रंगीत तालीम. ही कुणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच वाचतात. परीक्षार्थी आणि रायटर यांनी किमान दोनदा बसून जुना पेपर सोडवायचा. घड्याळ लावून, पुरा वेळ.

अकाउंट्सचं उदाहरण घ्या. दृष्टिहीन मुलगी सांगतेय : "टू बँक, पंचवीस हजार." रायटर विज्ञान शाखेचा, त्याला 'टू' डाव्या बाजूला की उजव्या हे ठाऊक नाही. तो विचारतो, ती थांबते, आकडा विसरते. म्हणून खुणा आधी ठरवायच्या : 'डावं' म्हणजे डेबिट, 'उजवं' म्हणजे क्रेडिट, आधी बाजू, मग नाव, मग रक्कम, रक्कम सुटी-सुटी, "दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य". 'नवा परिच्छेद', 'अधोरेखित', 'वाच' (शेवटची ओळ वाचून दाखव) हे शब्द पक्के करा. रायटरने आपल्या मनाचं वाक्य घालायचं नाही आणि सुचवायचंही नाही. सुपरवायझरला शंका आली तर कॉपीची केस होते, आणि ती परीक्षार्थीवर होते.

पहिल्या तालमीत वीस मिनिटांत किती पानं होतात ते मोजा. पाऊण पानच होत असेल तर अडचण वेगाची आहे. उत्तरं मुद्द्यांत सांगायला शिका किंवा रायटर बदला. तेवढ्यासाठीच सहा आठवडे म्हटलं.

तपासणी, परीक्षेच्या आठ दिवस आधी : परवानगीचं पत्र हातात आहे (तोंडी 'हो' नव्हे). त्यावर वाढीव वेळ मिनिटांत लिहिलाय. दोन्ही रायटरची नावं आहेत. वेगळी खोली मिळालीय, कारण तोंडी उत्तर सांगताना शेजारच्या बाकांना ऐकू जातं. खोली तळमजल्यावर आहे, किंवा लिफ्ट चालू राहील हे लेखी आहे. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका मागितली असेल तर ती कोण आणि कुठे छापणार, त्या माणसाचं नाव ठाऊक आहे.

## टप्पा ७ : पेपरच्या दिवशी

पाऊण तास आधी पोहोचा. पत्राच्या तीन प्रती : एक चीफ कंडक्टरला (केंद्रावरच्या परीक्षाप्रमुखाला), एक खोलीतल्या सुपरवायझरला, एक स्वतःकडे. सुपरवायझर रोज बदलतो. काल सगळं नीट झालं म्हणजे आज त्याला माहीत असेल असं नाही.

पेपर हातात येताच सुपरवायझरकडून संपायची वेळ फळ्यावर लिहून घ्या : 'सुरू ११.००, समाप्त १.४०'. हे न केल्यामुळे एका केंद्रावर एक वाजता शिपाई गठ्ठा बांधायला आला आणि उत्तरपत्रिका ओढून घेतली. पत्र होतं, पण ज्याने वाचलं तो चहाला गेला होता.

दुपारच्या पेपरानंतर वाढीव वेळ धरून सुटेपर्यंत गर्दीची वेळ होते. परतीची सोय आधी ठरवा. शेवटची पंधरा मिनिटं ट्रेनच्या काळजीत सोडून उठणारी मुलं मी पाहिली आहेत.

## टप्पा ८ : स्कॉलरशिप

थोडक्यात. दिव्यांगांसाठीची केंद्राची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते : ४० टक्के दिव्यांगत्व, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर. दोन्ही वाचा आणि एक निवडा. नवी मुंबई महापालिका हद्दीत राहत असाल तर वाशीच्या ईटीसी या पालिकेच्या दिव्यांग केंद्रात पालिकेच्या योजनांचीही चौकशी करा.

फॉर्म 'सबमिट' झाला म्हणजे काम झालं असं नाही. कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे पाठवावा लागतो, आणि बहुतेक फॉर्म तिथेच मरतात. आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का हे बँकेत जाऊन विचारा. खात्याला आधार 'दिलेलं' असणं आणि सरकारी पैसे जमा व्हायला खातं 'सीड' असणं वेगळं.

## टप्पा ९ : अडलं तर

पेपर चालू असताना भांडू नका. मिळेल त्या सोयीत पेपर लिहा आणि त्याच दिवशी, केंद्र सोडायच्या आधी, काय नाकारलं ते वेळेसह लिहून चीफ कंडक्टरकडे द्या आणि पोच घ्या. दोन दिवसांनी दिलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

मग क्रमाने वर जा. आधी प्राचार्य, मग कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठ. पायरी ओलांडून थेट मंत्र्यांना ट्विट करणाऱ्यांची फाईल शेवटी खालीच परत येते, "संबंधितांनी कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन. कॉलेज किंवा विद्यापीठ दाद देत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. सोबत टप्पा ४ चा शिक्का असलेला अर्ज जोडा. तो नसेल तर "विद्यार्थ्याने मागणी केलीच नव्हती" हे एक वाक्य समोरच्याला पुरतं.

आणि अर्ज नुसता पडून असेल, कुणी हो-नाही काहीच सांगत नसेल, तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. फाईल मात्र बऱ्याचदा त्याच आठवड्यात हलते.